साडेबारा-पस्तीस

अमरावतीत खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला जात विचारली नाही, मांस-मच्छी खाते का ते विचारलं नाही, घरी किती वाजता परतणार हेही विचारलं नाही. फाटकाशी लावलेल्या माझ्या स्कूटरकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इच्यात तेल कोनतं टाकते?"

मी सांगलीकडची. घरमालक भाड्याबद्दल बोलतात एवढीच माझी तयारी होती. "कंपनीचं," असं काहीतरी मी पुटपुटले. त्यावर त्यांनी कंपन्यांची नावं घ्यायला सुरुवात केली आणि मला एकाही नावाला होकार देता येईना. स्कूटरला बिचारीला तीन वर्षं काय पाजलं जात होतं याची मला खरोखरच कल्पना नव्हती. काका मात्र खूश झाले. ज्याला काहीच माहीत नाही तो वादही घालणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. वरची खोली मला मिळाली. अट एकच होती. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली की तेलाचा रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून यायचा नाही, घरी आणायचा.

कारण काकांच्या मते जगात रिकामा डबा असा नसतोच. प्रत्येक डब्याच्या तळाशी, कडेला, बुचाच्या आट्यांत चमचा-दोन चमचे तेल उरतंच. बडनेरा रोडवरच्या चार-पाच गॅरेजवाल्यांकडून ते असे डबे गोळा करून आणायचे. रविवारी सकाळी अंगणाच्या भिंतीवर ते उन्हात उलटे लावले जायचे आणि प्रत्येकाखाली एक नरसाळं आणि एक बाटली. ट्रकचं तेल, ट्रॅक्टरचं तेल, मोटारसायकलचं तेल, कुठल्याशा महागड्या गाडीचं मधाच्या रंगाचं तेल, सगळं थेंब थेंब खाली उतरत असायचं. दुपारी काका सगळ्या बाटल्या एका ॲल्युमिनियमच्या किटलीत ओतायचे आणि लाकडी पळीने ढवळायचे. ती किटली एके काळी चहाची होती. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत काकूंनी तिच्याकडे हात नेला, तेव्हापासून तिच्या कानाला लाल चिंधी बांधलेली होती.

ही सगळी मिसळ जायची त्यांच्या गाडीत. गाडी म्हणजे पांढरी, छोटी, सोळा-सतरा वर्षांची. तिच्यावर काकांचं निरतिशय प्रेम होतं, आणि म्हणूनच तिच्या पोटात काय जातं ते ऐकून माणसं हादरायची. मीही हादरले होते. इंजिनात वेगवेगळी तेलं मिसळू नयेत एवढं तर मलासुद्धा ऐकून माहीत होतं. मी तसं बोलून दाखवलं. काकांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, काकूंच्या फोडणीच्या तेलाचा डबा उघडला आणि सांगितलं की ह्यात अर्धं शेंगदाण्याचं आणि अर्धं करडईचं आहे, चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजवर वांग्याची भाजी कधी रस्त्यात बंद पडली का?"



त्यांचं गणितही होतं. तेलाच्या डब्यावर आकडे असतात, वीस-चाळीस, पाच-तीस वगैरे. काका सरासरी काढायचे. वीस आणि पाच पंचवीस, त्याचे निम्मे साडेबारा. चाळीस आणि तीस सत्तर, त्याचे निम्मे पस्तीस. म्हणून त्यांच्या तेलाचं नाव साडेबारा-पस्तीस. असं तेल जगात कोणतीच कंपनी बनवत नाही, हे ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. त्यांची मुलगी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायची. तिने फोनवर त्यांना समजावून सांगितलं की बाबा, ते आकडे असे बेरीज-भागाकाराचे नसतात. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तुह्या पुस्तकात ते बरोबर असन, असं म्हणून फोन काकूंकडे दिला.

ह्या माणसाला हे वेड कुठून लागलं, याचा उलगडा मला एका दुपारी झाला. काका निवृत्त होण्याआधी तिथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तीस वर्षं बाटल्या धुतल्या, द्रावणं मोजली, सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं तेवढंच एकात एक घातलं. "तीस वर्सं दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं मिसळलं, पोरी," किटली ढवळता ढवळता ते म्हणाले. "माह्या मनानं एक थेंब नाई." मला एकदम वाईट वाटलं. मग त्यांनी ट्रॅक्टरच्या तेलाची बाटली उचलून नाकाला लावली, डोळे मिटले आणि इतके आनंदी दिसले की मला माझं वाईट वाटणं आवरतं घ्यावं लागलं.

रोज सकाळी इंजिन सुरू करून अर्धा तास तसंच चालू ठेवायचं, हाही त्यांचा नेम. दोन घरची तेलं एका घरात नांदायची तर त्यांना आधी एकजीव व्हायला वेळ द्यायला नको का? मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढून तिचं टोक वर्तमानपत्राच्या कागदावर टेकवायचं. कागदावर जो तपकिरी डाग पडेल तो काका उजेडासमोर धरून, डॉक्टरने एक्स-रे पाहावा तसा पाहायचे. मी घाईने ऑफिसला निघालेली असताना जिन्याशी अडवून मला असे कित्येक डाग दाखवले गेले आहेत. मला ते सगळे सारखेच दिसायचे, पण मी "आज बराय," असं म्हणायला शिकले होते.

गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेला होता. काका तो दुरुस्त करत नव्हते, कारण त्यांच्याकडे स्वतःचं माप होतं. त्यांची काळ्या मातीची तीन एकरांची जमीन वलगावला, तिथे त्यांची दर दोन-तीन दिवसांनी फेरी. वलगावला जाऊन परत आलं की एक वलगाव. ते पंपावर गेले की मनात चार वलगाव, सहा वलगाव भरून यायचे. माझं ऑफिस पाव वलगाव होतं, बडनेरा स्टेशन अर्धं वलगाव. चार वर्षांत मलाही ती सवय लागली, आणि पुढे नागपूरला बदली झाल्यावर मी रिक्षावाल्याला एकदा त्याच मापात अंतर सांगून बसले.

त्यांचे डबे ज्या गॅरेजमधून यायचे तिथल्या मोठ्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणायचे. उस्ताद पांढऱ्या दाढीचे, बोलायला गोड. काका दिसले की ते कपाळाला हात लावायचे. "काका, इंजिन है, अचार की बरनी नहीं," असं दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी बाजूला जपून ठेवलेले डबे काकांच्या हाती द्यायचे. ते डबे देतात म्हणजे त्यांना आपलं पटलंय, असं काकांचं म्हणणं. म्हाताऱ्याचं मन कोण मोडणार, असं उस्तादांचं. दोघांचं चांगलं जमायचं.

पण एक गोष्ट झाली, आणि मग हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी एप्रिलात काका नवीन मिसळीची परीक्षा घ्यायला एकटेच वलगावच्या रस्त्याला गेले. सकाळी आठला गेलेला माणूस दुपारी एकपर्यंत परतला नाही. फोन घरीच होता, देवघरात चार्जिंगला लावलेला. काकूंनी अकोल्याला मुलीला कळवलं. ताई शाळा सोडून मिळेल त्या बसने आली, आणि मी आणि ती माझ्या स्कूटरवरून त्या उन्हात त्यांना शोधायला निघालो. वऱ्हाडातलं एप्रिलचं ऊन काय असतं ते मी सांगत बसत नाही. ताई मागे बसून माझा खांदा इतका घट्ट धरून होती की संध्याकाळी तिथे निळे वळ दिसले. काका सापडले एका निंबाखाली. बॉनेट उघडं, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर ओळीने अकरा डाग. दर पाऊण तासाने एक डाग घेत होते, वेळेचं भान राहिलं नाही म्हणाले. गाडीला काही झालेलं नव्हतं. ताई तिथेच रस्त्यात उभी राहून रडली आणि मग अकोल्याला परत जाईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

नंतर तिने फोनवर सरळ सांगितलं. तेलाचं मले काही नाही, म्हणाली, पण ही गाडी एक दिवस तुमाले कुठंतरी आडरस्त्यात टाकून देईल आणि तुमी आमाले सापडणार नाही. किल्ली द्या. काका म्हणाले, माझी गाडी कुठेच बंद पडत नाही. हे महिनोन्महिने चाललं. शेवटी हिवाळ्यात असं ठरलं की काकांनी गाडी घेऊन अकोल्याला तिच्या घरी यायचं, जठारपेठेत. वाटेत कुठेही बंद पडली तर किल्ली ताईची आणि काकांनी चालवणं सोडायचं. नाही पडली तर ताईने हा विषय जन्मात काढायचा नाही. सोबत काकू आणि पंच म्हणून मी. माझ्यावर दोघांचाही विश्वास होता, आणि ते मला मुळीच आवडलं नव्हतं.

काका त्या दिवसांत हसत-बोलत असले तरी जेवण कमी झालं होतं. गाडी गेली तर वलगाव गेलं, सकाळचा अर्धा तास गेला, रविवारची भिंत गेली. मग माणसाने बसून काय करायचं? हे त्यांनी मला विचारलं होतं, थट्टेत नव्हे.

सोमवारी त्यांनी मोजून सहा वलगाव पेट्रोल भरलं. अकोला म्हणजे पाच. शनिवारी निघायचं होतं. मधले सगळे दिवस इंजिन सकाळी अर्ध्याऐवजी एक तास चालू, कारण परीक्षेचं तेल नीट एकजीव व्हायला हवं. निघायच्या सकाळी तर गल्लीतली माणसं कप-बशा हातात घेऊन गाडीभोवती जमली होती. उस्तादही आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, कान दिला, आणि म्हणाले, "मुर्तिजापूर तक तो जाएगी. आगे अल्ला मालिक." काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं. आम्ही निघालो.

गाडी काय धावली म्हणून सांगू. बडनेरा मागे टाकलं, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या झालेल्या, कापसाने भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे चाललेले, आणि आमची पांढरी एकेकाला मागे टाकत निघालेली. काका गाणं म्हणू लागले. सूर नव्हता, शब्दही त्यांचेच होते, त्यात बऱ्याच ठिकाणी साडेबारा-पस्तीस येत होतं. काकूंनी मागून टाळ्यांचा ठेका धरला. मी पंच असल्याने गप्प बसायला हवं होतं, पण दुसऱ्या कडव्याला मीही सुरू झाले.

मुर्तिजापूरला चहासाठी थांबलो. काका खाली उतरले, पण इंजिन बंद करीनात. का, तर किल्ली फिरवली म्हणजे बंद पडल्यात धरलं गेलं तर? मी पंच म्हणून सांगितलं की तसं धरणार नाही. काकांना धोका पत्करायचा नव्हता. आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला, काकूंना ओळखीची एक बाई भेटली आणि तिच्या तिन्ही मुलींची लग्नं कशी झाली ते ऐकून झालं. तोवर गाडी हॉटेलसमोर एकटीच गुरगुरत उभी होती आणि काका एक हात तिच्या टपावर ठेवून दुसऱ्या हाताने भजी खात होते. एका ट्रकवाल्याने विचारलं, काका, स्टार्टर गेला का? काका म्हणाले, "नाई, परीक्षा हाय."

बोरगाव मंजूच्या थोडं अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प उभी राहिली.

काका खाली उतरले, बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली. कागदावर डाग घेतला. पाहिला. दुसरा घेतला. मग तो कागद घेऊन माझ्या खिडकीशी आले. "पाह्य. सोन्यावानी हाय," ते म्हणाले. पुढची वीस मिनिटं त्यांनी तेलात काय चुकलं ते शोधण्यात घालवली. वास घेतला, बोटांमध्ये चोळलं, मोटारसायकलचा भाग जास्त झाला का म्हणून स्वतःशी बोलले. त्यांचं सगळं आयुष्य त्या तेलात होतं, त्यामुळे दुसरीकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही. मला सुचायला हवं होतं, पण चार वर्षांत मीही इतकी तेलकट झाले होते की तो डाग मलाही खरंच सोन्यासारखा दिसला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून काकूंचा आवाज आला. "पेट्रोल हाय का इच्यात?"

काकांनी बॉनेट सोडलं. मागे गेले, दोन्ही हातांनी गाडी गदगदा हलवली आणि टाकीला कान लावून ऐकलं. आत काहीच डुचमळलं नाही. सहा दिवस एकजीव करण्यात आणि मुर्तिजापूरच्या भज्यांत मिळून चांगले दोन वलगाव जळून गेले होते. तेलाने गाडीला काहीच केलं नव्हतं, आणि तरी त्या तेलापायीच ती बंद पडली होती. मला हसू इतकं अनावर झालं की मी तोंडात रुमाल कोंबून पलीकडच्या तुरीकडे बघत उभी राहिले. काकू पदरात तोंड घालून हलत होत्या. काका मात्र हसले नाहीत, आणि ते पाहिल्यावर आमचंही हसू विरलं.

एका मोटारसायकलवाल्या भल्या माणसाने नळी लावून आपल्या टाकीतलं बाटलीभर पेट्रोल दिलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. अकोल्यापर्यंत काकू एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिल्या. पेट्रोल सरनं म्हंजे बंद पडनं नोय, माणूस उपाशी राहिला तं आजारी म्हनत नाई, पंचानं इचार करावा. पंच विचार करत होता. ताईने विचारलं तर नाही म्हणायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

ताई फाटकात उभी होती. गाडी थांबल्याबरोबर तिने मला विचारलं, कुठे बंद पडली का म्हणून. मी म्हणाले, रस्ता फार छान झालाय आता. काका माझ्याआधी खाली उतरले होते. "पडली. बोरगावच्या अलीकडे," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

जिंकल्यावर काय करायचं ते ताईने ठरवलेलं नसावं. ती किल्लीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेलानं?"

"नाई. तेल एक नंबर. पेट्रोल सरलं."

ताईचा चेहरा आधी काहीच समजत नसल्यासारखा झाला, आणि मग ती जी हसायला लागली ती फाटकाच्या पायरीवर बसली. विज्ञानाची बाई डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. मग काकू, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी काका. मागे एक पाण्याचा टँकर भोंगा वाजवत होता, कारण आमची गाडी अर्धी रस्त्यात होती. काकांनी सवयीने दाराला हात घातला आणि तिथेच थांबले. चालवणं त्यांनी आता सोडलेलं होतं. ताई उठली, मी घेते आत म्हणाली आणि स्टिअरिंगशी बसली. तिला स्कूटर येत होती, गाडी येत नव्हती, कारण काकांनी ती कधी कुणाला हात लावू दिली नव्हती. तिने किल्ली फिरवली, पायाखालचं काहीतरी दाबलं, काहीतरी सोडलं. गाडीने एक उडी मारली आणि ती फाटकात बंद पडली.

काका खिडकीपाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "बंद पडली. आन."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. टँकरवालासुद्धा. आयुष्यात मी दिलेला तो एकमेव निकाल आहे आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो. गाडी दोघांच्याही हातून बंद पडली आहे, तेव्हा एकट्याने ती कुणीच चालवायची नाही. किल्ली ताईकडे राहील, गाडी काकांकडे.

तेव्हापासून ताई दर रविवारी सकाळच्या रेल्वेने बडनेऱ्याला उतरायची, पर्समध्ये किल्ली घेऊन यायची. मग ती चालवायची आणि काका शेजारी बसून ओरडायचे, असं दोघं वलगावला जाऊन यायचे. पहिल्या रविवारी गाडी वाटेत नऊ वेळा बंद पडली म्हणे. संध्याकाळी दोघांच्या बोटांना तेल लागलेलं असायचं. ताई पोळी खाऊन, किल्ली घेऊन परत जायची, आणि काका सोमवारपासून पुढच्या रविवारचं तेल करायला घ्यायचे. शेताला मधल्या दिवशी ते बसने जायचे, कुरकूर न करता.

माझी बदली झाली तेव्हा खोकी बांधायला सुतळी हवी होती. काकूंनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. सुतळीच्या गुंडीखाली मला एक किल्ली सापडली. चार वर्षं तिची जुळी मी ओळखत होते. मी काकूंकडे पाहिलं.

"दुसरी हाय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काकांना माहीत नाही का? काकूंनी बाहेर डोकावून पाहिलं. काका अंगणात डबे उलटे लावत होते.

"त्यायनंच ठेवली हाय थे. मले म्हने, पोरीले सांगू नको. थे यायची नाई मंग."